पुरावा नाहीं म्हणून दुखणें खोटें काय?

मुदखेडाहून आगगाडीनें नांदेडास जाऊन, तपासणी करून परत आलेल्या माणसाच्या हातीं कधीं कधीं असा कागद असतो कीं, त्यांत दोष म्हणून कांहींच नाहीं. गव्हाची पोळी खाल्ली कीं पोट फुगतें, कळा येतात, अंग गळून जातें. पण कागद म्हणतो, सर्व ठीक आहे. मग घरांत कुजबूज सुरू होते, "सुनेला पोळ्या लाटावयाचा कंटाळा आला आहे, दुसरें काय?" अशा माणसाशीं आपण कसें वागावें?

गव्हाच्या कणकेस चिवटपणा येतो तो ग्लुटेन नांवाच्या द्रव्यामुळें. सीलियाक विकार असलेल्यांच्या लहान आंतड्याच्या अस्तरास त्यापासून इजा होते. रक्त तपासून व आंतड्याचा बारीक तुकडा काढून तो विकार ओळखतात. मात्र तपासणीपूर्वींच गहूं सोडला असेल, तर विकार असूनहि न दिसण्याचा संभव असतो. शिवाय कित्येकांस ना हा विकार, ना गव्हाची ॲलर्जी, तरीहि गहूं बाधतो. त्यांच्यासाठीं रक्ताची खात्रीची तपासणी अद्याप निघालेली नाहीं.

हॉलंडांतील डिके नांवाच्या बालरोगांच्या डॉक्टरांस गव्हाविषयीं आधींपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत तेथें अन्नाचा दुष्काळ पडला व पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें सुधारलीं. पाव परत आला तेव्हां पुन्हां आजारी पडलीं. त्यांचा प्रबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. तर मग त्यापूर्वीं ज्या लेंकरांचें पोट दुखत होतें, त्यांचें दुखणें खोटें होतें काय? पुरावा मागाहून आला. दुखणें आधींच होतें.

परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वेदनेचा साक्षी दुखणाईतच. वेदनेच्या कारणाचा न्यायाधीश मात्र तो नव्हे. नॉर्वे देशांत ५९ माणसांस आपणांस ग्लुटेन बाधतें असें वाटत होतें. कशांत काय आहे हें कळूं न देतां त्यांस निरनिराळें खाणें दिलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ग्लुटेनपेक्षां फ्रुक्टॅननें अधिक त्रास झाल्याचें दिसलें. हें द्रव्य गव्हांत असतें, तसेंच कांद्यांत व लसणांतहि असतें. त्यांचें दुखणें खरें होतें, पण कारणाविषयींची समजूत पुष्कळांची चुकली होती.

म्हणून दोघांचें कर्तव्य वेगळें आहे. दुखणाइतानें गहूं सोडण्यापूर्वीं तपासणी करावी. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवडे सोडून व पुन्हां खाऊन प्रामाणिकपणें पाहावें. वजन घटत असेल, अंगांतील रक्त कमी होत असेल, तर "गहूंच कारण" म्हणून स्वस्थ बसूं नये. घरच्यांनीं पंगतींत पुरीचा आग्रह करूं नये. आपल्या मराठवाड्यांत ज्वारीची भाकर कोणास परकी नाहीं, आणि तींत ग्लुटेन नाहीं. फोडणीच्या हिंगांत मात्र पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, तेवढें पाहावें.

एका माणसासाठीं दोन भाकरी थापावयास फारसें पडत नाहीं. त्याजवर विश्वास ठेवणें मात्र आपणांस जड जातें. ज्यास आपण लबाड ठरवितों, तो आपल्या समजुतीस अधिकच घट्ट धरून बसतो. ज्याच्या दुखण्यावर आपण विश्वास ठेवितों, त्यासच "कदाचित् कारण दुसरें असेल" असें म्हणण्याचें धैर्य येतें.