सोपा स्वयंपाक आणि स्नेहाचे माप

आचारविचारांच्या ज्या प्रश्नांवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले, त्यांत चुलीपाशी उद्भवणारे प्रश्न अगदीच नाहीत असे नव्हे. भक्ष्य कोणते आणि अभक्ष्य कोणते, कोणी कोणाच्या हातचे खावे, नैवेद्यास काय चालते, याचा काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. परंतु अन्न सिद्ध करणाऱ्या माणसाचा वेळ हा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न बहुधा कोणाला सुचला नाही. मलाही तो सुचला नव्हता. साठी उलटून गेल्यावर एका पोळ्याच्या दिवशी तो अवचित माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना माझी जी फजिती झाली तिच्यातून हा लेख निघाला आहे.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात आहे. श्रावणातील अमावास्येचा पोळा हा आम्हा वऱ्हाडातील कुणब्यांचा सर्वांत मोठा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू म्हणून ठेवायचे नाही. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग अशा थाटाने ते तोरणाखाली उभे राहतात, आणि घरी आले म्हणजे घरची लक्ष्मी त्यांचे पाय धुऊन त्यांना पुरणपोळी भरवते. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाला एक दिवस विश्रांती आणि मान मिळावा, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली त्याच्या हृदयाची थोरवी मी लहानपणापासून वाखाणीत आलो आहे.

माझी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी मुलांचे डबे, मग शाळा, शाळेतून आल्यावर पुन्हा चूल, असा तिचा दिनक्रम. त्या वर्षी पोळ्याला तिने पुरण घातले नाही. पहाटे उठून तिने गुळपापडी थापली, तुरीची डाळ जाड बुडाच्या पातेल्यात मंद विस्तवावर ठेवून दिली आणि मुलांना घेऊन ती बैल सजवावयास गोठ्यात गेली. ताटावर बसल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "पोळ्याला पुरण नाही, तर पोळा कसला?" घरात क्षणभर शांतता पसरली. मग ती हळूच म्हणाली, "मामाजी, आज बैलांनासुद्धा सुट्टी असते." एवढे बोलून तिने मला डाळ वाढली. डाळ उत्तम झाली होती. परंतु तो घास काही मला सुखाने गिळता आला नाही.

माझ्या बोलण्यामागे जो विचार होता तो प्रथम नीट मांडतो, कारण तो माझ्या एकट्याचा नव्हे. आपण असे धरून चालतो की, पदार्थासाठी जितके कष्ट अधिक तितका त्यातील स्नेह अधिक. पुरणाची डाळ शिजवावी, कट काढून घ्यावा, गूळ घालून आटवावे, पाट्यावर बारीक वाटावे, कणीक तिंबावी, आणि मग एकेक पोळी फाटू न देता लाटून तव्यावर घालावी. हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी केला त्याच्यावर करणाऱ्याचे प्रेम असलेच पाहिजे. यावरून आपण नकळत उलट अनुमान काढतो की, जेथे खटाटोप कमी तेथे प्रेमही कमी. पहिले विधान बहुधा खरे असते. दुसरे त्यातून मुळीच निघत नाही. प्रेमाने माणूस कष्ट करतो हे खरे. पण कष्ट तो भयाने, सवयीने आणि लोकलज्जेनेही करतो. पोळीकडे पाहून हे चार हेतू वेगळे ओळखता येतील अशी जीभ अद्याप कोणाला लाभलेली नाही.

आपल्या परंपरेने तरी हे माप मानले आहे काय? सुदाम्याने द्वारकेस नेले ते मूठभर पोहे, आणि विदुराघरी भगवंतांनी आवडीने खाल्ल्या त्या कण्या. इतक्या दूर कशाला जावे? आमच्याच जिल्ह्यात शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, असे त्यांचे चरित्र सांगते. त्यांच्या प्रकटदिनी वऱ्हाडातील घरोघर जो नैवेद्य होतो तो पिठले, भाकरी आणि अंबाडीची भाजी यांचा. पिठल्याला पाव घटका पुरते. ज्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या दैवताला पिठले चालते, त्या जिल्ह्यातील सासऱ्याला गुळपापडी चालू नये, हे थोडे विचित्रच म्हणावयाचे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेतला होता. सुदाम्याजवळ पोह्यांखेरीज काही नव्हते म्हणून त्याचे पोहे थोर ठरले; ज्याच्या घरी डाळ, गूळ, तूप भरलेले आहे त्याने सोप्यावर भागवावे यात कसली थोरवी? आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु दारिद्र्य काय एका धान्याचेच असते? ज्या घरी कणगी भरलेली आहे त्या घरी वेळेचा दुष्काळ असू शकतो. माझ्या सुनेजवळ गूळ होता, पण दुपार नव्हती. तिने आपल्या फाटक्या वस्त्रात बांधून आणावी तशी पहाटेची एक घटका सणासाठी बांधून आणली होती, आणि मी तिला पुरचुंडी लहान का म्हणून विचारीत होतो.

आता सोप्या पाकाचे स्वरूप पाहू. आपण 'वेळ लागतो' असे म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो. एक विस्तवाचा वेळ आणि दुसरा माणसाचा वेळ. पुरणपोळीस दोन्ही लागतात. मंद आचेवरच्या डाळीस विस्तवाचा वेळ तीन तास लागेल, माणसाचा मात्र पाव तास. हा भेद आमच्या आज्यांना ठाऊक होता. जुन्या चुलीला मागच्या बाजूस वैल असे. पुढे भाकरी चालू असताना वैलावर डाळ आपोआप शिजत राही. जळणाचेही गुणधर्म त्या ओळखून होत्या. पऱ्हाटी आणि तुराटी भडकन पेटते व विझते, म्हणून ती भाकरीला. गोवरी सावकाश धुमसते, म्हणून ती वरणाला आणि दुधाला. दिवाळीच्या सुमारास खामगाव-नांदुऱ्याच्या काळ्या जमिनीत कापसाची वेचणी सुरू झाली की, बायांना दिवस उजाडण्यापूर्वी शेत गाठावे लागे. गोवरीच्या राखेत हंडी ठेवून गेलेल्या बाईला कोणी आळशी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

याहून मौजेचे उदाहरण रोडग्यांचे. जाड कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून ठेवावयाचे आणि भाजेपर्यंत झाडाखाली गप्पा मारीत बसावयाचे. शेतातील रोडग्यांचे जेवण हे आमच्याकडे बहुधा पुरुष करतात, आणि ते करणाऱ्याची साऱ्या गावात वाहवा होते. म्हणजे पुरुषाने अन्न विस्तवाच्या हवाली करून विश्रांती घेतली तर ती कला, आणि स्त्रीने घेतली तर ती हयगय!

इतर लोकांनीही हा भेद ओळखला आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' निर्माण केला. एकावर एक डबे रचून, खाली थोडे कोळसे ठेवून द्यावे, म्हणजे भात, डाळ, भाजी कोणी जवळ न बसता वाफेवर शिजते. अमेरिकेत घरोघर दिसणाऱ्या विजेच्या 'स्लो कुकर'ची जन्मकथा तर अधिक बोलकी आहे. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकास १९४० साली त्याचे पेटंट मिळाले, आणि १९७१ साली ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात येऊन लोकप्रिय झाले. ही कल्पना त्याला आईकडून ऐकलेल्या हकिगतीवरून सुचली असे सांगतात. यहुदी धर्मात शनिवारी विस्तव पेटविणे वर्ज्य. म्हणून लिथुआनियातील तिच्या माहेरी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य व मांस यांचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत, आणि ते शनिवारी ऊन ऊन काढीत. कोकणातील बेने इस्राएल लोकही शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणूनच त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. विसाव्याचा दिवस चुलीपाशी बसणारीलाही मिळालाच पाहिजे, असा धर्माचा दंडक झाला, आणि त्या दंडकापोटी एक पाककृती जन्मास आली. आमच्या पोळ्याने बैलाचे जू उतरविले. परंतु त्याच दिवशी घरातील दुसऱ्या मानेवर ते दुप्पट जड करून ठेवले, हे मात्र इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नाही.

माझी आई आठवते. पोळ्याच्या दिवशी घरची माणसे, सालदार, बारा बलुतेदार मिळून साठ-सत्तर पोळ्या ती एकटी करी. बैल जेवत, मग पुरुष जेवत, मग मुले. ती जेवे तेव्हा उन्हे कलंडलेली असत, आणि तिच्या ताटात पुष्कळदा फाटलेली पोळी असे. त्या पोळ्यांची चव मी आयुष्यभर वर्णिली. तिने ती गरम असताना कधी चाखली की नाही, हे मी तिला एकदाही विचारले नाही, आणि आता विचारावयास ती नाही.

सोपे म्हणजे निष्काळजीपणाचे, हाही एक गैरसमज आहे. गुळपापडीचेच पाहा. दोन वाट्या कणीक एक वाटी तुपावर मंद आचेवर भाजावी. खमंग वास सुटून ती बदामी झाली की भांडे खाली उतरवावे, आणि मगच सव्वा वाटी किसलेला गूळ व थोडी वेलची घालून भराभर ढवळावे. लगोलग तूप लावलेल्या थाळीत थापून, ऊन असतानाच वड्या पाडाव्या. गूळ विस्तवावर पडला तर वडी दगडासारखी होते. सारे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. पण त्यातील शेवटची दोन मिनिटे दुसरीकडे पाहण्याची मुभा नाही. मंद आचेच्या भांड्यासही त्याचे नियम आहेत. राजम्यासारखे कडधान्य भिजवून, पाणी बदलून, आधी दहा मिनिटे खळखळा उकळल्यावाचून त्यात घातले तर ते पोटास बाधते. सोपा स्वयंपाक हातांचे कष्ट वाचवितो, डोक्याचे वाचवीत नाही. रात्री डाळ भिजत घालण्याची आठवण कोणाला तरी ठेवावीच लागते.

यापुढे खरा अवघड प्रश्न येतो. असा वाचलेला वेळ कोणाचा? गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. कुकर आला, गॅस आला, मिक्सर आला. या हिशेबाने स्त्रीच्या पदरी दिवसाचे चार तास तरी साचावयास हवे होते. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर जी वेळेच्या विनियोगाची पाहणी केली तीत आढळले की, घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय स्त्रियांपैकी शंभरात सुमारे एक्याऐंशी ती कामे करतात, पुरुषांपैकी सव्वीस. यंत्रांनी वाचविलेला वेळ घराने दुसऱ्या वाटेने परत मागून घेतला. डाळ लवकर शिजते, तर दोन भाज्या कर. भाजी लवकर होते, तर मुलांचा अभ्यास घे. तेव्हा सुलभ पाकाने प्रश्न सुटतो असे मी म्हणणार नाही. वाचलेली घटका जिने वाचविली तिचीच आहे, तीत ती निजो, वाचो वा नुसती ओट्यावर बसो, एवढे घराने मान्य केले तरच त्या सोपेपणाला अर्थ आहे.

मग पुरणपोळी नाहीशी होऊ द्यावी काय? तसेही मला वाटत नाही. पुरण पातळ न होऊ देणारा हात ही एक विद्या आहे, आणि ती बुडाली तर वऱ्हाड तितका दरिद्री होईल. परंतु परंपरेच्या बाबतीत आपण पुरुष किती लवचिक आहो हेही पाहावे. कित्येक घरी आता दावणीला बैल राहिले नाहीत, ट्रॅक्टर आहे. तेथे मातीच्या बैलांची पूजा होते, आणि त्यामुळे पोळा बाटला असे कोणी म्हणत नाही. खऱ्या बैलाच्या जागी मातीचा बैल चालतो, कारण बैल पाळण्याचे कष्ट आम्हांस होते. पुरणाच्या जागी गुळपापडी चालत नाही, कारण ते कष्ट आमचे नव्हते. माझ्या मते न्याय एकच आहे. ज्याला जी परंपरा प्रिय असेल त्याने तिचा भार प्रथम स्वतः उचलावा. दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून तिचे गोडवे गाऊ नयेत.

हा न्याय स्वतःस लावणे प्राप्तच होते. पुढल्या पोळ्याला डाळ मी निवडली, मुलाने ती शिजवून कट काढला, आणि पुरणयंत्राची मूठ मी फिरविली. तासाभरात माझे खांदे भरून आले. बैलांचे खांदे का शेकतात ते मला त्या दिवशी उमगले. सून लाटावयास बसली, आणि नातवाने तव्यावर तीन पोळ्या फाडल्या. पुरण जरा जाडच राहिले होते. बैलांनी तक्रार केली नाही. पहिली धड, गरम पोळी मी सुनेच्या ताटात वाढली, तेव्हा "मामाजी, तुम्ही आधी," असे ती म्हणाली. पण मी ऐकले नाही.