मांजर्लीचा मुका अतिथी

गावाचे नाव मांजर्ली आणि आम्ही कथा लावणार कुत्र्याची. हसू आले तर आताच हसून घ्या. पुढे जी फजिती येणार आहे ती आमचीच आहे.

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेस मांजर्लीचा भाग. जुनी बैठी घरे एकेक करून पडताहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उठताहेत. पहाटेची लोकल धरून मुंबईस जाणारी, रात्री परतणारी कष्टाळू माणसे तेथे राहतात. दोन वर्षांमागे बदलापुरात एका सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. उतरण्याची सोय मांजर्लीतल्या एका माळकरी घरी केली होती. यजमान नोकरीतून निवृत्त झालेले. घरात मुलगा, सून, शाळेत जाणारी नात आणि यजमानांच्या वृद्ध मातोश्री. पंढरीची वारी घराण्यात तीन पिढ्यांची.

आम्ही ओट्यावर पाऊल ठेवले, तो कोपऱ्यात पोत्यावर एक तांबूस कुत्रा. चांगला वयात आलेला, पण हाडे मोजावीत इतका वाळलेला. मानेभोवतीचे केस गेलेले आणि तेथे साखळीचा वळ. आम्हांस पाहताच तो भिंतीला असा चिकटला, जणू भिंतीतच शिरू पाहतो आहे. आम्ही लहानपणापासून पाठशाळेत वाढलेले. सोवळे अंगात मुरलेले. तोंडातून निघून गेले, "घरात कुत्रा? मग आमच्या पानाची व्यवस्था दुसरीकडे करा." यजमान काही बोलले नाहीत. शेजारच्या घरी आमचे पान मांडले गेले.

त्या रात्री आमचे निरूपण कशावर? सर्वांभूती भगवंत! आणि दृष्टांत कोणता? तोच, तुम्ही शंभर वेळा ऐकलेला. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नका. आयाबायांनी डोळ्यांना पदर लावले. आमचाही कंठ दाटला. काय सांगावं! गहिवर आला तो कथेतल्या कुत्र्यासाठी; ओट्यावरच्या कुत्र्यामुळे तर आम्ही जेवणाचे पान हलवले होते.

रात्री उशिरा परतलो. ओट्यावर मंद दिवा होता आणि आजी बसल्या होत्या, कुत्र्याकडे पाठ करून. हातात जपमाळ, पाठीमागे हातभर अंतरावर भाकरीचा कुस्करा. आम्ही विचारले, "आजी, अशा पाठ करून का?"

"बघितलं की बिचकतो, बुवा. पाठ केली की खातो. नऊ दिवस झाले आणून, अजून हातातलं घेत नाही."

मग त्यांनी हकीकत सांगितली. पलीकडच्या गल्लीत एक बैठे घर होते. ते पाडून तेथे इमारत व्हायची होती. घरची माणसे भाड्याच्या जागेत गेली. तेथे कुत्रा चालत नव्हता. ते गेले, हा राहिला, साखळीसकट. येणारे-जाणारे तुकडा टाकीत, पण साखळी कोणी सोडीना. शाळेतून येताना नातीने पाहिले, घरी येऊन ती जेवेना, तेव्हा आजोबा उठले आणि साखळी सोडवून याला घेऊन आले.

एवढे सांगून आजींनी माळ थांबवली. म्हणाल्या, "बुवा, आज कीर्तन ऐकलं. एक विचारू? त्या नामदेवाच्या कुत्र्याला कसं कळलं हो, मागून धावणारा तूप घेऊन येतोय ते? आमच्या ह्याच्या मागं आजवर जो धावला, तो दगड घेऊनच धावला."

बंधूंनो, न्याय आणि व्याकरण घोकलेली आमची जीभ टाळूला चिकटली. चाळीस वर्षे ही कथा आम्ही नामदेवरायांच्या बाजूने सांगितली. कुत्र्याच्या बाजूने तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. रात्रभर झोप लागली नाही. उत्तर सापडले ते पहाटे काकड्याच्या वेळी, विठोबासमोर हात जोडले तेव्हा.

पुंडलिकाच्या दारी देव आला, तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट भिरकावली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. जगाचा मालक तो. झोपडीत शिरायला त्याला कोण अडवणार होते? पण शिरला नाही. हाका मारल्या नाहीत. 'मी आलो, आता माझ्याकडे पाहा' असे म्हणाला नाही. त्याचे चरण सम आहेत: पाऊल पुढे नाही, मागेही नाही. आणि हात कटीवर! त्या हातांत काठी नाही, आणि ते हात कोणाला पकडण्यासाठी पुढेही येत नाहीत. अठ्ठावीस युगे तो तसाच उभा. ज्याला जगाने दगड मारले, त्याच्याशी कसे वागावे याचा पाठ ही मूर्तीच देत उभी आहे. आणि आजी तोच पाठ ओट्यावर बसून गिरवीत होत्या.

आमच्या ध्यानात आलेला सिद्धांत एवढाच. टाकलेल्या जिवाला घरी आणणे हे अर्धेच पुण्य. आपण दया केली म्हणून त्याने लगेच शेपूट हलवावे, हात चाटावे, ही अपेक्षा म्हणजे उरलेला व्यापार. त्याने विश्वास टाकावा म्हणून त्याच्यावर ओणवे होऊ नका, डोळ्यांत डोळे घालू नका, पोरांना त्याला मिठ्या मारू देऊ नका. एक कोपरा त्याचा ठरवा, तो झोपला वा खात असला तर तेथे कोणी जाऊ नये. रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी अन्नपाणी ठेवा. मग कटीवर हात ठेवून उभे राहा. कोणाला आठ दिवस लागतील, कोणाला वर्ष.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. त्यात कुत्रे, कावळे, कृमी यांच्यासाठी भुईवर अन्न ठेवावे असे स्मृतिकार सांगतात, आणि कसे ठेवावे त्यासाठी एक शब्द योजतात: 'शनकैः', म्हणजे हळूच. हा शब्द आम्ही पाठशाळेत पाठ केला होता. त्याचा अर्थ कळायला मांजर्लीचा ओटा लागला.

आता कोणी माळकरी शंका काढील, "बुवा, सोवळ्याचं काय?" शंका रास्त आहे. देवघराला आणि स्वयंपाकघराला उंबऱ्याची मर्यादा असू द्या. जनावराला हात लावल्यावर हात धुवा. शौच म्हणजे स्वच्छता. शौच म्हणजे तिरस्कार नव्हे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी मनुष्य ज्यांना समान पाहतो त्यांची यादी दिली आहे, तीत विद्वान ब्राह्मणाबरोबर गाय, हत्ती आणि कुत्राही बसवला आहे. दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण वेद मानून नमस्कार करतो. मग चित्रातला कुत्रा वेद आणि ओट्यावरचा विटाळ, हे कोणते शास्त्र?

दुसरी शंका: "दया केली आणि तो चावला तर?" दया म्हणजे भाबडेपणा नव्हे. यजमानांनी पहिल्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर गाठले. रेबीजची लस टोचली, जंतांचे औषध दिले, गोचीड काढले. वय डॉक्टरांनी दात पाहून सहा-सात वर्षे सांगितले. रेबीज हा रोग एकदा अंगावर दिसू लागला की मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून कोणतेही कुत्रे चावले वा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हे कीर्तनात सांगायलाही आम्हांस संकोच वाटत नाही.

खाण्याचेही ऐका. उपाशी जिवाला एकदम पोटभर घालू नये. थोडे थोडे, तीन-चार वेळा द्यावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. कांदा-लसूण आपल्यांतले कित्येक माळकरी वर्ज्य मानतात. कुत्र्याच्या तर ते रक्तालाच बाधतात. आणि प्रसादाचा शिरा प्रेमाने पुढे कराल, पण त्यातला बेदाणा त्याच्या मूत्रपिंडाला विष आहे. कुत्रा मांजराइतका केवळ मांसावर जगणारा नव्हे. तरी नुसत्या कोरड्या भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. आपल्या घरच्या अन्नात कशाची भर घालावी ते डॉक्टरांना विचारावे.

आता जे टाकून जातात त्यांच्याविषयी. महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिलू आले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. आई सरमा जाब विचारायला आली, कोणी उत्तर दिले नाही, आणि तिचा शाप राजाला लागला. त्याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराजामागे एक कुत्रा हिमालय चढतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा मात्र बरोबर राहिला. इंद्र म्हणतो, रथात बैस, पण कुत्रा सोड. धर्मराज म्हणतो, शरणागताला भय दाखवणे, स्त्रीवध, ब्राह्मणाचे धन हरणे आणि मित्रद्रोह ही चार पापे एकीकडे, आणि आपल्यावर भक्ती करणाऱ्याचा त्याग एकीकडे; मला दोन्ही सारखीच. त्याने स्वर्ग नाकारला आणि कुत्र्याच्या रूपातला धर्म प्रकट झाला. आजच्या राज्याचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधाचा १९६० चा कायदा आहे. भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून जाणे, त्याला आखूड साखळीत दीर्घकाळ जखडणे, हे त्यात अपराध आहेत. घर बदलणे कोणाच्या हाती नसेल. पण निघण्यापूर्वी दुसरे दार शोधून देणे हाती असते.

दाराचे महत्त्व किती, ते पाहा. २०२४ साली निपाणीजवळच्या यमगर्णी गावाची हकीकत तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असेल. गावकरी ज्याला 'महाराज' म्हणतात असा एक काळा कुत्रा आषाढीच्या सुमारास एका वारकऱ्यामागे पायी पंढरपुरास गेला. तेथे गर्दीत हरवला. वारकरी शोधून थकला आणि हळहळत घरी परतला. आणि पाहतो तो, सुमारे अडीचशे किलोमीटर वाट एकट्याने तुडवून महाराज दारात शेपूट हलवीत उभा! गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. आपण त्याच्या नाकाचे आणि स्मरणाचे कौतुक केले. ते खरेच आहे. पण त्या वाटेच्या शेवटी एक दार उघडे होते, हेही खरे.

आमचा मांजर्लीचा मुकाही परत जात असे. यजमान सांगत होते, पहिल्या महिन्यात तो तीनदा निसटला आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी सापडला: जुन्या घराच्या जागी. तेथे आता पायाचा खड्डा खणला होता. खड्ड्याच्या कडेला, जेथे पूर्वी उंबरा होता त्या सुमारास, तो तोंड करून बसलेला असे. यजमान भाकरी घेऊन तेथे धावत जायचे, थोडे अलीकडे थांबायचे, आणि त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसायचे. एकदा दोन तास बसले. अंधार पडल्यावर तो आपण होऊन उठला आणि मागे मागे घरी आला.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे पुरे होते. जो दूर गेला त्याच्यासाठी नामदेवरायांची धाव. जो जवळ आला त्याच्यासाठी विठोबाचे उभे राहणे. दोन्ही एकाच प्रेमाची रूपे. धावताना हातात तूप असावे, आणि ते त्याला दिसेपर्यंत थांबण्याचा धीर असावा.

गेल्या वर्षी पुन्हा सप्ताहास गेलो. पान कोठे मांडावे असे यजमानांनी विचारण्यापूर्वीच आम्ही सांगितले, "येथेच." मुका अंगाने भरला होता. मानेवर केस आले होते. वळ मात्र हाताला लागतो असे नात म्हणाली. झाडू उचलला की अजून खाटेखाली जातो. टाळांना पहिले तीन महिने घाबरत होता. आता हरिपाठ सुरू झाला की उंबऱ्यात येऊन आडवा होतो आणि खुशाल घोरतो.

जेवण झाल्यावर आम्ही आजींसारखेच ओट्यावर बसलो, त्याच्याकडे पाठ करून. हात उघडा करून बाजूला टेकवला. मनात म्हणालो, बाबा रे, मागचं विसर. पुष्कळ वेळ गेला. मग तळव्याला ओलसर नाक लागले. त्याने हात हुंगला आणि परत जाऊन पोत्यावर बसला. एवढेच. चाटला नाही, शेपूट हलवले की नाही ते आम्हांस दिसले नाही. पण चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत मिळालेल्या दक्षिणांत ती आम्ही वरची मानतो.

तुमच्याही गल्लीत कोणी असा मुका अतिथी एखाद्या बंद दाराकडे तोंड करून बसला असेल. घरी जागा असेल त्याने जागा द्यावी. नसेल त्याने भाकरी-पाणी द्यावे, लस टोचून घ्यावी, साखळी सोडवावी. जे कराल ते हळूच करा. बोला, रामकृष्णहरि!