बॅकबेची जमीन

१८६४ साल. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हातात खेळणाऱ्या पैशाला वाट हवी म्हणून समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेची कंपनी त्यांत सर्वांत नावाजलेली. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरला लोक कित्येक पट भाव मोजत होते.

गिरगावातल्या एका कारकुनाने चौघा मित्रांबरोबर भागीत शेअर घ्यायचं ठरवलं आणि बायकोकडे पाटल्या मागितल्या.

"कसली जमीन?"

"बॅकबेची."

"मग दाखवा तरी एकदा."

नारळी पौर्णिमेला वाडीतल्या बायकांबरोबर तीही चौपाटीवर गेली. नारळ वाहून झाल्यावर तिने एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, "बाबा, इथे जमीन कुठे निघणार?" त्याने होडीचा नांगर वर ओढला, त्याला चिकटलेला काळा चिखल ओंजळीत घेऊन तिच्यापुढे धरला. बोटांच्या फटींतून तो निथळत होता. "ही बग, बाय. भरतीला येते, ओहोटीला जाते."

घरी आल्यावर तिने नवऱ्याने केलेल्या पाटल्या काढून दिल्या. माहेरच्या मात्र हातातच ठेवल्या. "या आईच्या. या जायच्या नाहीत."

१८६५ मध्ये यादवी संपली आणि कापूस कोसळला. १ जुलैला सौद्यांचा हिशेब पुरा करायचा दिवस उजाडला, तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. कारकुनाचा शेअर कवडीमोल झाला. वाण्याची उधारी आणि मुलांची फी माहेरच्या पाटल्यांनी भागवली.

तो कारकून हावरट होता असं मला वाटत नाही. त्याच पाण्यात कोळ्याला मासळी दिसे, साहेबाला नकाशा, दलालाला कागद. तळाशी काय आहे, हे विचारायचं मात्र तिलाच सुचलं, आणि तिचं अर्धंच ऐकलं गेलं, याची मला हळहळ वाटते.

पुढे १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने बॅकबेत पुन्हा भराव हाती घेतला. टाकलेला गाळ बांधातून निसटून जाई, खर्च फुगत राही. अखेर आठ भागांपैकी चार सोडून द्यावे लागले. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर जाहीर टीका केली. एका इंजिनीअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, पण नरिमन निर्दोष सुटले.

ती बातमी नातवाने म्हाताऱ्या आजीला वाचून दाखवली. नरिमन कोण, कुठे राहतात, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

"अरे, त्यांना एकदा आपल्याकडे जेवायला बोलव," ती म्हणाली.