दार लावून सांगितलेली गोष्ट

अनंत चतुर्दशीला हैदराबादेत हुसेनसागरकडे जाणारे रस्ते गणपतींच्या निमज्जनासाठी बंद होतात. मूसीपलीकडून येणारी आमची कामवाली त्या दिवशी येऊ शकली नाही. आदल्या दिवशी तिच्या पोराला ताप होता. माझं दशलक्षण चाललेलं. उपवास, पूजा आणि त्यात हा भांड्यांचा ढीग. महिना संपला तेव्हा मी दोन खाड्यांचे पैसे कापले. मध्ये क्षमावाणीचा दिवस येऊन गेला होता. सगळ्या नातेवाइकांना फोन करून "उत्तम क्षमा" म्हणून झालं होतं. तिला म्हटलं नव्हतं, हे लक्षातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी समोरची शेजारीण आली. ती तेलुगू, ख्रिस्ती. तिच्याकडेही हीच बाई कामाला. आत येऊन तिनं दार लावून घेतलं आणि हैदराबादी हिंदीत म्हणाली, "अक्का, बुरा नक्को मानो. उसके पैसे आप काटे, वो बराबर नै हुआ."

मी फणकारलेच. "तुम्ही कधी कापले नाहीत?"

"पिछले साल मैं भी काटी थी. परसों उसको वापस दी, फिर आपके पास आयी."

यावर काय बोलणार?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण आपण भांडणात फेकून मारायला वापरतो. येशूनंही हेच सांगितलं आहे, पण तिथे गोष्ट पुढे जाते: आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! आपण मुसळाची सबब सांगून दोन्ही तसंच ठेवतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात याचा क्रमही दिला आहे. भावानं अपराध केला तर एकट्यानं जा, दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीला न्या. तरीही नाही, तर मग मंडळीला सांगा. आपण सुरुवात मंडळीपासून करतो, आणि ज्याचा अपराध त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही. शेवटची पायरी मला टोचते: मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका, जकातदार समजा. पण येशू तर जकातदारांच्या पंक्तीला बसत होता, आणि मत्तयाला त्यानं जकातीच्या नाक्यावरूनच उठवून नेलं होतं. तेव्हा हे दार तितकंसं बंद नसावं, असं मी माझ्यापुरतं मानते.

आपल्याकडे सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, दुसऱ्याचा दोष झाकणं. आणि लगेच स्थितिकरण आहे, घसरणाऱ्याला परत स्थिर करणं. स्थितिकरणाला वारिषेण मुनींची कथा सांगतात. सोबती पुष्पडाल मुनी झाला, पण मन घरच्या बायकोत. वारिषेणांनी त्याला चारचौघांत झोडपलं नाही. त्याला आपल्या राजवाड्यात नेलं आणि स्वतः सोडलेलं वैभव दाखवलं, सजलेल्या राण्यांसकट. तो आपोआप वरमला. इथेही आधी स्वतःचा त्याग, मग दुसऱ्याची चूक.

पण आम्ही उपगूहन तेवढं उचललं. मंदिरात नेहमी भेटणाऱ्या एका घरात सुनेचा छळ चालला होता. आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक होतं. समाजाची बदनामी नको, दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. सांगायला नको म्हणत रोज सांगत होतोच की! सासूपाशी मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. सून मुलीला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. यहेज्केलाच्या ग्रंथात पहारेकऱ्याचा दाखला आहे: संकट येताना दिसूनही त्यानं शिंग फुंकलं नाही, तर रक्ताचा जाब त्यालाच द्यावा लागतो. तो वाचला आणि मला ते घरच आठवलं.

कामवालीचे पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले. तिनं मोजले नाहीत, कमरेला खोचले.

परवा त्या सासूबाई मंदिरात दिसल्या. आता एकट्याच येतात. मी चपला घालेपर्यंत त्या रिक्षात बसून गेल्या. घर मला ठाऊक आहे, दुपारी त्या एकट्या असतात तेही ठाऊक आहे. आज जायचं म्हणून साडी बदलली होती. आता चार वाजलेत.