कॅसेट संपल्यावर

माणसाला एक कला धड येत नसली, की तो चार कलांशी सलगी करतो. मीही केली. कर्जतला मास्तरकी करता करता क्लिक थ्री कॅमेऱ्याने फोटो काढले, गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहिल्या, टेपरेकॉर्डर आला तेव्हा गाणी टिपली आणि पुढे व्हिडिओ कॅमेरा भाड्याने आणून भिवपुरीच्या धबधब्यावर माहितीपटही काढला. निवृत्तीनंतर हा सगळा कलासंसार माळ्यावर सुखाने नांदत होता.

परवा खोपोलीहून फोन आला. "गुरुजी, वळखलंत का? आमच्या वाडीवर टेप घेऊन आला होतात. माझ्या आयचा आवाज तुमच्याकडं हाय ना? आय गेली आता. पोरांना ऐकवायचाय."

"आहे, आहे!" मी म्हणालो, आणि रात्रभर झोपलो नाही.

त्याचं असं झालं होतं. १९८४ साली खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीवर मी लग्नातली गाणी टिपायला गेलो. जवळ साठ मिनिटांची एकच कॅसेट. मावशी आधी लाजत लाजत गायल्या. संध्याकाळी गळा मोकळा झाला आणि त्यांनी डोळे मिटून एक लांबलचक गाणं धरलं. त्या दिवसातलं सगळ्यात सुरेख. दुसऱ्याच कडव्याला टेपचं बटण 'खट्' करून वर आलं. कॅसेट संपली! थांबा म्हणायचा धीर होईना. मी यंत्रावर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत गंभीरपणे मान डोलावत राहिलो.

"झालं ना समदं बरोबर?" मावशींनी विचारलं.

"झालं!" मी म्हणालो.

आता कॅसेट का संपली, तेही सांगायला हवं. तिची पहिली अकरा मिनिटं मी आदल्या रात्री घरीच खर्च केली होती. विषय : 'लोकगीत – एक चिंतन'. वक्ता : अस्मादिक.

सकाळी माळा खाली काढला, तर सगळीकडे हाच रोग. फोटोत डोंगर कमी आणि माझी सावली जास्त. एकांकिकेत सगळ्यात लांब भाषण माझ्या भूमिकेला. माहितीपटात धबधबा चार मिनिटं, त्याच्यापुढे उभा राहून बोलणारा मी नऊ मिनिटं. माध्यमं बदलली, विषय एकच राहिला.

अपराधी मन सुटकेसाठी नेहमी थोर माणसांना साक्षीला बोलावतं. माझ्या मनाने दादासाहेब फाळक्यांना बोलावलं. त्यांनीही फोटोग्राफी केली, छापखाना केला, 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोग केले आणि मग सिनेमा काढला. 'राजा हरिश्चंद्र'चं बाहेरचं चित्रण आमच्याच कर्जत लाइनीवरच्या वांगणीला झालं. सांगतात, की लाकडी ढालतलवारी घेतलेली मंडळी पाहून गावाला वाटलं, दरोडेखोर आले! फौजदाराने सगळ्यांना अडकवलं. फाळके धावत आले, यंत्र दाखवलं आणि फिल्म न घालताच चित्रणाचं नाटक करून मंडळींना सोडवलं. सत्यवादी हरिश्चंद्राच्या सिनेमाला जामीन राहिली ती एक लबाडी!

मी खूश झालो. रिकामा कॅमेरा त्यांचा, रिकामी टेप माझी, फरक काय?

पण चहा संपेपर्यंत फरक कळला. त्यांनी रिकामं यंत्र चालवलं ते दुसऱ्यांना सोडवायला. मी चालवलं ते स्वतःचं तोंड लपवायला. १९१३ साली पडद्यावर आलेल्या त्या सिनेमाचीही सगळी रिळं आज उरलेली नाहीत; पण ती काळाने नेली. मावशींचं गाणं काळाने नेलं नाही, माझ्या प्रस्तावनेने नेलं.

रविवारी तो आला. आता त्याचेही केस पिकलेले. मुलाकडून गाणी मोबाइलवर उतरवून ठेवली होती, ती लावली. तो मान खाली घालून ऐकत होता. दोन कडव्यांनंतर आवाज तुटला. मी म्हणालो, "पुढचं नाही. कॅसेट संपली होती. मी तुझ्या आईशी खोटं बोललो."

तो हसला. "आयला ठावं होतं की! ती म्हणायची, मास्तरचं यंत्र कवाच थांबलं होतं. पर मास्तर ऐकत होता, म्हणून म्हनलं सगळं."

मला हायसं वाटलं की जास्तच लाज वाटली, हे अजून ठरलेलं नाही. त्या माउलीने मला माफ केलं होतं हे खरं. पण दुसऱ्याला आपली लबाडी कळली होती, एवढ्याने ती लबाडी कमी होत नाही.

"पुढचं तुला येतं?" मी विचारलं.

"येतं थोडं. आयसारखं नाय."

मी मोबाइल पुढे ठेवला. लाल खूण लागली. सवयीने घसा खाकरला. आतून ही म्हणाली, "अहो!"

मी गप्प बसलो. तो गाऊ लागला.