लिफ्ट की नळ?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याजवळच्या खांबावर एक सॉकेट आहे. पंधरा अँपिअरचं. वर्षातले दहा दिवस त्यावर गणपतीच्या मांडवाची रोषणाई चालते, एरवी वॉचमनमामा त्यावर फोन चार्ज करायचे. गेल्या वर्षी जून-जुलैत दहा रात्री त्या सॉकेटला माझी स्कूटर लावलेली होती. कमिटीला न विचारता, पण मामांना विचारून.

हे ‘मामांना विचारून’ मी बरेच दिवस स्वतःला ऐकवत होते. जणू त्या सॉकेटचे मालक मामाच.

मी पुण्यात भाड्यानं राहते, चौथ्या मजल्यावर. स्कूटर इलेक्ट्रिक आणि सेकंडहँड. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले होते, ‘‘काही टेन्शन नाही, रात्री घरी लावायची, सकाळी फुल.’’ त्यांचा बंगला होता. माझ्या स्कूटरची बॅटरी बाहेर काढता येत नाही, त्यामुळे ती उचलून वर नेण्याचा प्रश्नच नव्हता. खिडकीतून वायर खाली सोडायचा विचार केला होता. पावसाळा आणि चार मजले बघून सोडून दिला.

ऊर्जा मंत्रालयाचे २०२२चे नियम सांगत होते की तुमच्या घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्याच वीजजोडणीवर तुम्ही गाडी चार्ज करू शकता. वाचून बरं वाटलं. पण माझी वीजजोडणी चौथ्या मजल्यावर, घरमालकाच्या नावावर, आणि गाडी तळाशी. म्हणजे हक्क वर आणि चाकं खाली. हक्क आणि चाकं यांच्यामध्ये सोसायटीची सामाईक भिंत.

बाहेर चार्जिंग करावं, तर त्याच नियमांत शहराचे तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात किमान एक स्टेशन हवं असं म्हटलं होतं. राज्याच्या २०२१च्या धोरणात पुण्यासाठी ५०० आणि बृहन्मुंबईसाठी १,५०० स्टेशनांचं उद्दिष्ट होतं. ॲपमध्ये माझ्या घराभोवती हिरवे ठिपके दिसतातही. जवळ जाऊन पाहिलं की बहुतेक ठिकाणी कारची गन असते, स्कूटरला न बसणारी. एक ठिपका मॉलच्या तळघरात आहे, तिथे आधी पार्किंगचे पैसे भरायचे. त्यात आणखी एक गंमत. २०१८ साली सरकारनं स्पष्ट केलं की चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे, म्हणून त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. धंदा सुरू करणाऱ्यांची सोय झाली. पण सेवा म्हटली की जीएसटी आला, १८ टक्के. घरच्या विजेवर जीएसटी नाही. ज्याला स्वतःची भिंत आहे त्याला वीज स्वस्त, ज्याला नाही त्याला महाग. हे कुणी ठरवून केलेलं नसेल. पण न ठरवता झालेल्या गोष्टीसुद्धा बरोबर त्याच माणसांच्या अंगावर येतात. (२०२५च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. आम्हा स्कूटरवाल्यांना त्या रस्त्यावर मुळात प्रवेशच नाही.)

तर, सॉकेट. अकराव्या रात्री कुणीतरी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच, ‘ही गाडी कोणाची?’ भाडेकरू त्या ग्रुपवर नसतात. मला तो फोटो घरमालकांनी बेंगळुरूहून फॉरवर्ड केला.

मी हिशोब मांडला. एका चार्जिंगला साधारण तीन युनिट. कॉमन मीटरचं युनिट बारा रुपये धरलं, तर दहा रात्रींचे ३६० रुपये. सोसायटीत ४८ फ्लॅट. म्हणजे प्रत्येकाचे साडेसात रुपये. एवढ्यात कटिंग चहाही येत नाही. मी ३६० रुपये भरले, पावती मिळाली, ‘इतर उत्पन्न’ या सदरात. मला वाटलं, मिटलं.

साडेसात रुपयांबद्दल मी तेव्हा खूप विचार केला, आणि तो सगळा माझ्या बाजूचा होता. ज्या नुकसानाची जाणीव ४८पैकी एकालाही होत नाही, ते नुकसान आहे का? मांडवाची रोषणाई त्याच मीटरवर दहा दिवस चालते, तेव्हा देव न मानणाऱ्याला कुणी विचारतं का? मुद्दे वाईट नव्हते. फक्त ते मला पकडल्यानंतर सुचले होते.

सप्टेंबरमध्ये, गणपती गेल्यावर, वार्षिक सभा झाली. त्याच पार्किंगमध्ये, मांडवाच्याच खुर्च्यांवर. विषयपत्रिकेत सातवा विषय, ‘वाहन चार्जिंगबाबत’. भाडेकरूला मत नसतं. अध्यक्षकाकांनी ‘माहिती देण्यापुरती’ बसू दिलं. गंमत म्हणजे फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी माझ्या घरमालकांकडून सेवाशुल्काच्या १० टक्के जादा घेते आणि ते माझ्या भाड्यात मिसळलेले असतात. तरी असो.

तयारी म्हणून मी सोसायटीचे उपविधी वाचले. कुणी वाचत नाही, पण वाचण्यासारखे आहेत. न्याय म्हणजे काय यावर इतकं नेमकं लिखाण मी कॉलेजातही वाचलं नव्हतं. पाण्याचे पैसे प्रत्येक घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. पार्किंगचे, ज्याची गाडी त्याच्याकडून. आणि लिफ्टच्या देखभालीचे, त्या इमारतीतल्या सगळ्यांकडून सारखे, मग तुम्ही लिफ्ट वापरा किंवा न वापरा. तत्त्व एकच असतं तर एक ओळ पुरली असती. लिहिणाऱ्यांना कळलेलं होतं की नळ आणि लिफ्ट या वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

मग चार्जिंग पॉइंट काय, लिफ्ट की नळ?

मी सभेत म्हणाले, लिफ्ट. आज तीन जणांकडे इलेक्ट्रिक गाड्या आहेत, उद्या तीस जणांकडे असतील. केबल आत्ताच सगळ्यांनी मिळून टाकावी. तळमजल्यावरचेही लिफ्टचे पैसे भरतातच की. हे बोलताना मी तळमजल्यावरच्या आजींकडे पाहिलं. चूक झाली.

‘‘मला सांगतेस होय लिफ्टचं?’’ आजी म्हणाल्या. ‘‘एकोणीस वर्षं भरतेय. घर घेतलं तेव्हा लिफ्ट कागदावर होती, ते बघून सही केली मी. तुझी गाडी होती का कागदावर? आणि लिफ्टवर कुणाचं नाव नाही. वाळवणं घेऊन मी गच्चीत जाते तिच्यातनं. तुझं ते सॉकेट तुझ्या गाडीसमोर बसणार. त्याच्यासमोर मी काय ठेवू, पाट?’’

लोक हसले. मीही हसले, पण उत्तर नव्हतं. आजींनी दोन मुद्दे एका दमात मांडले होते. एक, माझ्या संमतीआधीच आलेला खर्च आणि नंतर लादलेला खर्च सारखे नाहीत. दोन, सामाईक पैशातून झालेली गोष्ट खरोखर सामाईक राहते का? पहिल्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही. कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी नंतर येतात, सीसीटीव्ही आले तसे. दुसरा मात्र मला लागला. मी लिफ्टचे पैसे मागत होते आणि नळ बसवून घेत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअर काकांनी वेगळीच अडचण काढली. साधा कार चार्जर ३.३ किलोवॅटचा. गीझर २ किलोवॅटचा, पण पंधरा मिनिटं चालतो. कार रात्रभर पीत बसते. ४० गाड्या एकदम लागल्या तर १३२ किलोवॅट. आजच्या मंजूर लोडमध्ये पहिल्या काही जणांचं भागेल. त्यानंतरचा जो येईल, त्याच्यापासून लोड वाढवायचा, कदाचित ट्रान्सफॉर्मर बदलायचा. मग तो खर्च कुणाचा? त्याचा एकट्याचा, कारण त्याच्या गाडीनं मर्यादा ओलांडली? की आधीच्यांचाही, ज्यांनी सगळ्यांच्या मालकीची शिल्लक क्षमता फुकटात संपवली? मला हा प्रश्न त्या सभेतला सगळ्यात अवघड वाटला. आधी येणं हे पुण्य नाही. पण पैसे आधी असलेलाच आधी येतो आणि त्याला आपण दूरदृष्टीचा म्हणतो.

आज मला विचाराल तर उत्तर असं: पॉइंट कुणाच्याही नेमून दिलेल्या जागेवर नको, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दोन. केबल आणि लोड लिफ्टसारखं, सगळ्यांचं. युनिट नळासारखं, मीटर बसवून, वापरेल त्याचं. घरी आलेल्या नर्सनं, भाच्यानं, डिलिव्हरीवाल्यानंही पैसे भरून लावावं. तरच ती लिफ्ट. सभेत हे मला सुचलं नाही. सभेत ठरलं की कमिटी अभ्यास करेल.

घरमालकांना मी स्वतंत्र पॉइंटबद्दल विचारलं होतं. मीटररूमपासून केबल, मीटर, मजुरी धरून वीस हजारांच्या आसपास. ते म्हणाले, ‘‘तू घाल पैसे, माझी हरकत नाही.’’ मी अकरा महिन्यांच्या करारावर. मी जाईन, भिंत राहील. पुढच्या भाडेकरूला ‘ईव्ही पॉइंटसह’ म्हणून भाडं वाढवून सांगतील. नाही म्हटलं.

मामांचं राहिलं. फोटो ग्रुपवर आला त्याच आठवड्यात एजन्सीनं त्यांची दुसऱ्या साइटवर बदली केली. सभेच्या इतिवृत्तात ते नाही, माझ्या ३६० रुपयांच्या हिशोबातही नव्हतं. मी साडेसातला ४८नं गुणत बसले. मामा त्या ४८मध्ये नव्हतेच. दुसऱ्या रात्री मी त्यांना पन्नास रुपये देऊ केले होते, त्यांनी घेतले नव्हते. त्यांचा मुलगा भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन डिलिव्हरी करतो. त्यांच्या वाड्यात मीटर एकच आणि मालक गाडी लावू देत नाही. ‘‘कळतं ओ ताई आम्हाला, चार्जिंगची काय पंचाईत होते ते,’’ एवढंच म्हणाले होते.

दिवाळीत मी त्यांना फोन केला. नवीन साइट लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. मोठी सोसायटी, पार्किंगमध्ये सहा चार्जर. कोण किती वाजता लावतं ते यांनी रजिस्टरमध्ये लिहायचं. त्यांचा फोनही त्यात लिहावा लागतो. मी माफी मागितली. ‘‘जाऊ द्या,’’ म्हणाले, आणि विषय बदलला.

‘‘तुम्ही आता गाडी कुठं लावता?’’

‘‘ऑफिसात. तिथे पॉइंट बसवलेत.’’

‘‘युनिटचे किती घेतात?’’

‘‘काही नाही घेत.’’

‘‘फुकट?’’

‘‘हो मामा,’’ मी म्हणाले. ‘‘फुकट.’’