कक्षेत गेल्यावर दुरुस्ती नाही

उडुपी रामचंद्र राव १९८४ साली इस्रोचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्याकडे एकदम तीन पदे आली: इस्रोचे अध्यक्षपद, अंतराळ विभागाचे सचिवपद आणि अंतराळ आयोगाचे अध्यक्षपद. पैसे मागणारा, ती मागणी सरकारपुढे ठेवणारा आणि धोरण ठरवणारा माणूस एकच. विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आणि मुख्यालय दिल्लीपासून दूर, बंगळुरूला. त्यांच्याआधीचे अध्यक्ष सतीश धवन यांनी १९७२ पासून ही घडी बसवली होती. दुसऱ्या कुठल्या खात्यात अशी व्यवस्था असती तर आपण तिच्यावर तुटून पडलो असतो, आणि ते योग्यच झाले असते. अंतराळ विभागात मात्र ती चालली. याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: कारभार वैज्ञानिकाच्या हाती होता म्हणून. हे उत्तर मला अपुरे वाटते. उत्तम संशोधक खुर्चीत बसल्यावर कसा हतबल होतो किंवा कसा हुकूमशहा होतो, हे आपण विद्यापीठांत पुरेसे पाहिले आहे. रावांच्या बाबतीत निर्णायक ठरली ती पदवी नव्हे, उपग्रह बांधण्याच्या कामाने त्यांना लावलेली सवय.

राव मुळात उपग्रहवाले नव्हते. उडुपीजवळच्या अदमारू गावात १९३२ साली जन्मलेल्या या माणसाने विक्रम साराभाईंच्या हाताखाली वैश्विक किरणांवर संशोधन केले. मग अमेरिकेत एमआयटीत आणि डॅलसला असताना मरिनर-२ यानाच्या नोंदींवरून सौरवाताचा अभ्यास केला, पायोनियर आणि एक्सप्लोरर यानांसाठी उपकरणे तयार केली. १९६६ साली ते परतले. साराभाईंच्या निधनानंतर धवन यांनी देशाचा पहिला उपग्रह बांधण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, कारण अंतराळात जाणारे काहीतरी स्वतःच्या हाताने बनवलेली माणसे देशात तेव्हा मोजकीच होती.

काम सुरू झाले ते बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीत, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माणसे बहुतेक तिशीच्या आतली. यातल्या कुणीही आधी उपग्रह बांधलेला नव्हता. या शेडचे वर्णन हल्ली जिद्दीची गोष्ट म्हणून केले जाते. मला त्यात दिसते ती वेगळीच गोष्ट. घरातला रेडिओ बिघडला की दुकानदार मागचे झाकण काढतो, सोल्डर ‘ड्राय’ राहिलेला सांधा शोधतो आणि गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून पुन्हा जोडतो. उपग्रहात तोच सांधा ड्राय राहिला, तर तो शोधून काढला तरी हात तिथे पोहोचत नाही. म्हणून उपग्रह जमिनीवर असतानाच मुद्दाम छळावा लागतो. कंपनाच्या टेबलावर तो हादरवायचा, निर्वात कक्षात ठेवून तापवायचा आणि गोठवायचा. ज्याने आराखडा काढला त्याच्यासमोर दुसऱ्या गटाच्या लोकांना बसवून त्यातल्या चुका काढायला सांगायचे. इथे ज्येष्ठाचा मान राखून गप्प बसणारा कनिष्ठ हा सर्वांत महागडा माणूस ठरतो. आपल्या कार्यालयांत जी वागणूक उद्धटपणा समजली जाते, ती इथे नोकरीचा भाग होती.

हा पहिला उपग्रह, आर्यभट, १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून सुटला. वजन ३६० किलो. चार-पाच दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याच्यावरचे वैज्ञानिक प्रयोग थांबवावे लागले. दोन रुपयांच्या नोटेवर छापलेल्या त्या उपग्रहाचा हा भाग आपण शाळेत शिकलो नाही. पण माझ्या मते तोच भाग पुढच्या कामाच्या मुळाशी आहे. १९८१ साली एरियान रॉकेटने गेलेल्या ॲपल या दळणवळण उपग्रहाचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरीही तो दोन वर्षांहून अधिक काळ वापरात राहिला, कारण काहीतरी बिघडणार हे गृहीत धरूनच त्याची आखणी झाली होती. हाच ॲपल बैलगाडीवर ठेवलेला छायाचित्रात दिसतो. ते छायाचित्र गरिबीचे प्रतीक म्हणून जगभर फिरले. खरे कारण साधे होते: अँटेनाच्या चाचणीत धातूच्या गाडीचा अडथळा येत होता, लाकडी गाडीचा आला नसता.

या पार्श्वभूमीवर एएसएलव्ही रॉकेटचा प्रसंग पाहावा. राव अध्यक्ष असताना २४ मार्च १९८७ रोजी पहिले उड्डाण फसले, १३ जुलै १९८८ रोजी दुसरे. दोन्ही रॉकेटे बंगालच्या उपसागरात गेली. सरकारी पैसा समुद्रात गेल्यावर खात्याचा प्रमुख सहसा दोनच गोष्टी करतो: खालच्या माणसावर ठपका ठेवतो, नाहीतर घाईघाईने पुढचे यश दाखवतो. इथे दोन्ही झाले नाही. तिसऱ्या उड्डाणाला जवळपास चार वर्षे लागली. संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांनाही चौकशीत घेतले गेले. सापडले ते असे की बाजूचे बूस्टर विझून मधला मुख्य टप्पा पेटण्याच्या मधल्या काही क्षणांत रॉकेट सावरायला आधारच उरत नव्हता, आणि तोही हवेचा मारा सर्वाधिक असताना. मुख्य टप्पा घड्याळाने ठरलेल्या क्षणी पेटवायचा होता. बूस्टर मात्र दर वेळी त्याच क्षणी विझतील याची खात्री नव्हती. नंतर रचना बदलली. बूस्टर खरोखर विझू लागल्याचे रॉकेटलाच कळावे आणि त्यावरून पुढचा टप्पा पेटावा, अशी सोय झाली. तळाशी पंख बसवले. २० मे १९९२ रोजी उपग्रह कक्षेत गेला, तोही ठरवल्यापेक्षा खालच्या कक्षेत.

ही चार वर्षे सांभाळणे हे राव यांचे सर्वांत मोठे काम आहे, असे मला वाटते. शोध अभियंत्यांनी लावला. प्रमुखाने त्यांना वेळ मिळवून दिला आणि त्या वेळेची किंमत दिल्लीत स्वतः चुकवली. त्यांच्या कारकिर्दीत पीएसएलव्ही या पुढच्या रॉकेटचे एकच उड्डाण झाले, सप्टेंबर १९९३ मध्ये, आणि तेही फसले. ऑक्टोबर १९९४ मध्ये यश आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. याच पीएसएलव्हीने पुढे चांद्रयान-१ आणि मंगळयान नेले. वार्षिक कामगिरीच्या तक्त्यात अशा प्रमुखाला किती गुण पडले असते?

त्यांच्या कारभारातली दुसरी गोष्ट इन्सॅट या दळणवळण उपग्रहांची. पहिल्या पिढीचे इन्सॅट अमेरिकेत फोर्ड एरोस्पेस कंपनीने बांधले. त्यातला इन्सॅट-१ए पाच महिन्यांत निकामी झाला. १बी मात्र टिकला आणि १९८४ पासून दूरदर्शन गावोगावी पोहोचले ते त्याच्या जोरावर. विकतचे उपग्रह काम देत असतानाच पुढची पिढी बंगळुरूत घडत होती, आणि जुलै १९९२ मध्ये देशात बांधलेला इन्सॅट-२ए कक्षेत गेला. सेवा खंडित न होऊ देता परावलंबन संपवण्याचा याहून चांगला दाखला आपल्या सरकारी इतिहासात मला आठवत नाही. १९८८ च्या आयआरएस-१ए उपग्रहाचेही तेच. त्याच्या चित्रांवरून भूजलाचे नकाशे तयार झाले. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांच्या आसऱ्याने राहते आणि विहीर कुठे खणावी हा आपल्याकडे जिवाचा प्रश्न असतो, म्हणून या नकाशांचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पण अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाच्या बाबतीत बिघाड गृहीत धरण्याची हीच सवय सुटलेली दिसते. १९९१ साली सोव्हिएत संस्था ग्लावकॉसमॉसशी इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार झाला. वर्षभरात सोव्हिएत संघच संपला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि ग्लावकॉसमॉसवर निर्बंध लादले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार देऊन तयार इंजिनांवर बोळवण केली. भारतीय क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले ५ जानेवारी २०१४ ला. हा निर्णय एकट्या रावांचा नव्हता, आणि अमेरिकी दबाव हे मोठे कारण होतेच. तरीही जो माणूस उपग्रहात प्रत्येक महत्त्वाच्या भागाला जोडीदार ठेवत होता, त्याच्या विभागाने इतकी मोठी गोष्ट एकाच पुरवठादारावर सोडावी, याचे मला दुःख वाटते. घरचे प्रयत्न छोट्या प्रमाणावर चालू होते. त्यांना इन्सॅट-२ इतके वजन दिले गेले नाही. तीन खुर्च्या एकाच माणसाकडे असण्याचा धोका मला इथे दिसतो. यंत्राच्या आराखड्यात चुका काढायला दुसरा गट होता. धोरणाच्या आराखड्यात तसा गट नव्हता.

रावांसारखेच वसंत गोवारीकरही इस्रोतूनच दिल्लीला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव म्हणून गेले आणि रॉकेटच्या इंधनाकडून मोसमी पावसाच्या अंदाजाकडे वळले. हातात यंत्र धरलेली माणसे सचिवपदावर येण्याचा तो काळ होता, आणि तो पुन्हा यावा असे मला मनापासून वाटते. मात्र नुसती माणसे आणून भागणार नाही. २०१९ साली चांद्रयान-२ चा लँडर चंद्रावर आदळला आणि त्यामागची कारणे अध्यक्षांनी सविस्तर सांगेपर्यंत २०२३ उजाडले. संस्थेने आतल्या आत चुका शोधल्या, त्या सुधारल्या, चांद्रयान-३ उतरले. हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण अपयशाचा अहवाल ज्यांच्या पैशातून उड्डाण झाले त्यांच्यापुढे वेळेत ठेवणे, ही अजून आपल्याकडे पद्धत झालेली नाही. ती प्रमुखाच्या मर्जीवर आहे. अंतराळ विभागाचे काम पाहणारी संसदेची स्थायी समिती आहे. प्रत्येक फसलेल्या उड्डाणानंतर ठराविक मुदतीत चौकशीचा अहवाल मागवणे आणि त्यातला गोपनीय नसलेला भाग प्रसिद्ध करायला लावणे तिला शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.